पारड्यापासून आयसीपर्यंत : कोल्हापूरच्या वजनकाट्याची कुळकथा

कोल्हापूरच्या व्यापाराचा इतिहास सांगताना गुळाचे भाव, पेठांची स्थापना, अडत्यांची घराणी आणि सहकारी संस्थांची वाढ यांचा उल्लेख आवर्जून होतो. परंतु ज्या उपकरणावाचून या नगरीतील गुळाचा एकही सौदा आजवर पुरा झालेला नाही, आणि ज्याच्या खरेखोटेपणावर रयतेच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरत आले आहे, त्या वजनकाट्याकडे इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. गेल्या चार-पाच दशकांत या काट्याचे अंतरंग समूळ पालटले. दांडी गेली, पारडी गेली, आणि त्यांच्या जागी तांबडे आकडे उजळवणारी एक पेटी आली, जिच्या पोटातील बोटाच्या पेराएवढे दोन-चार काळे तुकडे वजनाचा सारा न्याय करू लागले. या तुकड्यांना बाजारात आयसी म्हणतात. आयसी हजारो जातींचे मिळतात. त्यांतून या एका कामास योग्य कोणता, हे ठरविण्याची विद्या कशी घडत गेली, तिचा वृत्तांत येथे द्यावयाचा आहे.

मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतल्यावर शाहू छत्रपतींनी पुढच्याच वर्षी शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापारास स्टेशनाच्या सान्निध्यात हक्काचे स्थान मिळाले. पंचगंगा-भोगावतीच्या काठच्या गुऱ्हाळांतून गुळाचे रवे भरलेल्या बैलगाड्या या पेठेत येत, अडत्याच्या दुकानासमोर सौदा होई, आणि मग माल तोलाईदाराच्या हाती जाई. चाळीस शेरांचा मण आणि ऐंशी तोळ्यांचा शेर असा सरकारी हिशेब असला, तरी गावोगावची वहिवाट निराळी असे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५६ च्या कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमचा अंमल सुरू झाला, तेव्हा कोठे या वहिवाटींचा गुंता सुटू लागला.

त्या जुन्या तराजूचा एक गुण मात्र विसरता येणार नाही. तो सर्वांच्या देखत तोलत असे. रिकामी पारडी समतोल नसली तर हलक्या बाजूस खडा किंवा चिंधी बांधून ती उणीव भरून काढीत, आणि त्या भरीला पासंग म्हणत. दांडीच्या भुजा असमान असल्याचा संशय आला तर माल आणि वजने यांची पारडी अदलाबदल करून पाहण्याची युक्ती निरक्षर शेतकऱ्यासही ठाऊक असे. तराजू खोटा असू शकत होता, पण त्याचे खोटेपण उघड्यावर होते. ज्याला डोळे होते त्याला ते पकडता येत होते.

यंत्र उघडे करून पाहावे, त्याचे मर्म जाणावे आणि तसेच, किंबहुना आपल्या कामास अधिक योग्य असे, दुसरे घडवावे, ही तर या नगरीतील कारागिरांची परंपराच होती. बाबूराव पेंटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात चित्रपटाचा कॅमेरा येथेच घडविला, आणि विष्णुपंत दामल्यांसारख्या सहकाऱ्यांनी त्या कामी हात दिला. १९२० साली प्रदर्शित झालेला ‘सैरंध्री’ हा त्याच उद्योगाचा परिपाक. पुढे १९२९ मध्ये येथेच प्रभात कंपनी निघाली, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटासाठी ध्वनिमुद्रणाचे सर्वस्वी नवे शास्त्र दामल्यांनी आत्मसात केले. येथील कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमनगरात, म्हादबा मेस्त्रींच्या नावाभोवती ऑइल इंजिनाच्या ज्या कथा आजही सांगितल्या जातात, त्यांचेही सार हेच की शाळेची पायरी फारशी न चढलेला मनुष्य केवळ निरीक्षणाच्या बळावर परदेशी यंत्राचे रहस्य हस्तगत करी. ओतशाळेतील मिस्त्री वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून त्याची तयारी ओळखतो. लेथवरील कारागीर हाताला लागणाऱ्या कंपावरून हत्याराची धार जाणतो. ज्ञान हे इंद्रियांच्या द्वारे येते, ही येथील श्रद्धा.

आयसीने या श्रद्धेलाच आव्हान दिले. १२ सप्टेंबर १९५८ रोजी अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील जॅक किल्बी यांनी एकाच अर्धवाहक तुकड्यावर संपूर्ण मंडल चालवून दाखविले, आणि पुढच्या वर्षी फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांनी तेच कार्य मोठ्या प्रमाणावर उत्पादन करता येईल अशा पद्धतीने साधण्याचा मार्ग आखला. त्यानंतर जी वस्तू बाजारात आली ती उघडून पाहण्यासारखी नव्हती. काळे आवरण फोडले तर आतला तुकडा नष्ट होई, आणि तो शाबूत राहिला तरी साध्या डोळ्यांस त्यात काही दिसत नसे. येथे कारागिराला घडविण्याचा अधिकार उरला नाही. त्याच्या हाती उरली ती निवड. आणि निवडीसाठी पाहावयाचे ते वस्तूकडे नव्हे, तर तिच्या डेटाशीटकडे, म्हणजे परक्या भाषेत छापलेल्या आकड्यांच्या कोष्टकाकडे. कोल्हापूरच्या यंत्रविद्येच्या इतिहासातील हे स्थित्यंतर मला ऑइल इंजिनाच्या आगमनाहूनही मोठे वाटते. कारण ऑइल इंजिनाने कारागिराला नवे यंत्र दिले, आयसीने मात्र त्याला जाणण्याची रीतच बदलावयास लावली.

वजनकाट्याच्या बाबतीत या रीतीची परीक्षा विशेष कठोर झाली. इलेक्ट्रॉनिक काट्याचा पाया म्हणजे लोडसेल. पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा, ज्यावर भार पडताच तो डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, आणि त्यावर चिकटविलेल्या तारजाळीचा विद्युत्‌रोध त्या वाकण्याने किंचित बदलतो. ही तारजाळी, म्हणजे स्ट्रेनगेज, १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे शोधली. आणि असे चार स्ट्रेनगेज ज्या रचनेत जोडतात, तो व्हीटस्टनचा पूल तर त्याच्याही शंभर वर्षे आधीचा, १८३३ साली सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांनी प्रथम मांडलेला. म्हणजे काट्याचे यांत्रिक अंग जुनेच होते, आणि त्याची लोखंडी चौकट, वरचे ताट, पाय व स्क्रू घडविणे हे ज्या शहरात शेकडो ओतशाळा आणि यंत्रशाळा आहेत तेथे अवघड नव्हते. अवघड होते ते लोडसेलमधून निघणाऱ्या अतिसूक्ष्म संकेताला वाचण्याचे.

तो किती सूक्ष्म, हे एका हिशेबावरून ध्यानात यावे. सामान्य लोडसेल एका व्होल्टच्या पुरवठ्यामागे पूर्ण भाराला दोन मिलिव्होल्ट देतो. पाच व्होल्टचा पुरवठा केला तर पूर्ण भाराला अवघे दहा मिलिव्होल्ट. काटा पन्नास किलोचा असून त्याने पाच-पाच ग्रॅम दाखवावेत अशी अपेक्षा असेल, तर दहा मिलिव्होल्टचे दहा हजार भाग करावे लागतात, आणि एकेक भाग येतो एका मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दहा लक्षाव्या हिश्शाचा. आता हा संकेत वाढविण्यासाठी कोणता आयसी घ्यावा? सुट्या भागांच्या दुकानात सर्वत्र मिळणारा, स्वस्त आणि पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित असलेला आयसी म्हणजे ७४१. १९६८ साली फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलॅगार यांनी तो रचला आणि त्याने अर्ध्या शतकाहून अधिक काळ विद्यार्थ्यांची सेवा केली. पण त्याचा स्वतःचा पासंग, म्हणजे संकेत नसतानाही त्यात राहणारा फरक, काही मिलिव्होल्टांचा असतो, म्हणजे जो संकेत मोजावयाचा त्याच्याच मापाचा. आणि त्याहून वाईट हे, की तो पासंग तापमानाबरोबर दर अंशाला दहाएक मायक्रोव्होल्टांनी सरकतो. सकाळी गारव्यात शून्यावर लावलेला काटा दुपारी दहा अंश अधिक तापला, तर शंभर मायक्रोव्होल्टांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अर्ध्या किलोचा, फरक पडावयाचा. ज्या पेठेत प्रत्येक रव्यामागे भाव ठरतो तेथे अर्धा किलो ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कोणी लबाडी केली नाही, कोणी ताटाखाली बोट लावले नाही, तरी शेतकरी किंवा व्यापारी यांपैकी एकाचे नुकसान झालेच. आणि ते झाले केवळ आयसी निवडणाऱ्याने कोष्टकातील एक ओळ वाचली नाही म्हणून.

शून्याचे बटण दाबून हा दोष जातो, असा एक समज पुष्कळ दिवस प्रचलित होता, आणि तो अर्धवट खराही होता. बटणाने त्या क्षणीचा पासंग वजा होतो; पुढे चढणारे ऊन वजा होत नाही.

म्हणूनच या कामासाठी विशेष आयसींचा शोध सुरू झाला. १९७५ च्या सुमारास प्रिसिजन मोनोलिथिक्स या कंपनीने काढलेला ओपी-०७ हा त्या वाटेवरील पहिला मोठा टप्पा. त्याचा पासंग मिलिव्होल्टांत नव्हे, तर पाऊणशे मायक्रोव्होल्टांच्या आसपास, आणि तापमानाने होणारी हालचाल दर अंशाला साधारण एक मायक्रोव्होल्ट. त्यानंतर इंटरसिलचा आयसीएल ७६५० आला, जो दर सेकंदास शेकडो वेळा आपलाच पासंग मोजून आपणच तो वजा करीत राहतो. पूर्वी तोलाईदाराने चिंधी बांधून जे करावयाचे ते हा तुकडा अव्याहत करीत असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. परंतु हे आयसी महाग होते, आणि कोल्हापुरात तर ते सहसा मिळतच नसत.

तो काळ परवान्यांचा होता, हे विसरून चालणार नाही. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ साली नेमलेल्या समितीने देशाच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाचा आराखडा मांडला, तो १९६६ साली, भाभांच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला; १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला; बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने काही आयसी देशात तयार केले; मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८९ च्या भीषण आगीत तो कारखाना भस्मसात झाला. या मोठ्या घडामोडींचा प्रत्यक्ष लाभ जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या कारखानदाराला फारसा झाला नाही. त्याला हवे असलेले दहा-वीस नग आयात करण्यासाठी अर्ज, मंजुरी, जकात या सर्व सोपस्कारांतून जाणे परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उतरावे, किंवा पुण्यास बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकाने धुंडाळावीत, आणि जे मिळेल ते घेऊन परतावे, हाच शिरस्ता होता. त्या बाजारात जुन्या यंत्रांतून काढलेले, नंबर घासून नवा छापलेले, असे आयसीही खऱ्याच्या शेजारी मांडलेले असत. अशा प्रसंगी निवड ही डेटाशीटवर बसून करण्याची गोष्ट राहत नसे. अक्षरांची छपाई, पायांवरील कल्हईची झळाळी, विकणाऱ्याच्या बोलण्यातील ठामपणा, या सर्वांचा विचार करावा लागे. उद्यमनगरी डोळा येथे पुन्हा उपयोगी पडला.

काट्याच्या घडणीत खरी क्रांती केली ती संकेत वाढविणाऱ्या आयसीने नव्हे, तर त्याचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या आयसीने. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरसिलने काढलेला आयसीएल ७१०७ हा चाळीस पायांचा आयसी येणारा व्होल्टेज मोजून तांबड्या दिव्यांचे आकडे स्वतःच उजळवीत असे. पूर्वी ज्या कामास डझनभर आयसी लागत ते एकाच आवरणात आले, आणि देशभरच्या छोट्या कारखान्यांतून मोजमापाची उपकरणे तयार होऊ लागली. हा आयसी येणारा संकेत काही काळ साठवितो आणि मग तो साठा उतरावयास किती वेळ लागतो ते मोजतो. या साठविण्याच्या काळात एक बारीक मर्म दडलेले आहे, आणि ते ज्याने ओळखले त्याचाच काटा स्थिर राहिला. भोवतालच्या विजेच्या तारांतून येणारी गुणगुण संकेतात मिसळते; साठविण्याचा काळ त्या गुणगुणीच्या पूर्ण आवर्तनांइतका ठेवला तर तिचा चढ आणि उतार परस्परांस छेदून ती नाहीशी होते. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपल्याकडे पन्नासांची. तिकडील मंडलांत या आयसीचे घड्याळ ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवण्याची रीत आढळते, ज्यायोगे साठविण्याचा काळ साठ आवर्तनांच्या विजेची बरोबर पाच आवर्तने व्यापतो. पण तेच मंडल जसेच्या तसे उतरवून घेतले, तर आपल्या विजेची चार आवर्तने आणि वर एक तुकडा एवढाच हिशेब लागतो, आणि शेवटचा आकडा निष्कारण नाचत राहतो. घड्याळ ४० किलोहर्ट्‌झवर आणले की साठविण्याचा काळ दशांश सेकंद होतो, त्यात पन्नासांच्या विजेची पाच आणि साठांच्या विजेची सहा आवर्तने पुरी बसतात, आणि आकडा थांबतो. एका रोधाची आणि एका कंडेन्सरची किंमत बदलण्याचे हे काम, काही पैशांचे; पण ते का करावयाचे हे समजण्यासाठी आयसीच्या रचनाकाराने कोणत्या देशाची वीज गृहीत धरली होती, इथवर मागे जावे लागते.

माझ्या मते विशेष आयसी निवडण्याचे सारे मर्म येथे आहे. सामान्य आयसी कोणतीच भूमिका घेत नाही. विशेष आयसी मात्र कोणा रचनाकाराने एका विशिष्ट कामाविषयी, विशिष्ट परिस्थितीत घेतलेल्या निर्णयांचा संच असतो, आणि तो विकत घेणारा ते निर्णयही विकत घेतो. ते आपल्या कामास, आपल्या हवेस आणि आपल्या विजेस लागू पडतात की नाही हे तपासणे, हाच निवडीचा अर्थ.

७१०७ ची एक मर्यादा अटळ होती. त्याचे आकडे १९९९ पर्यंतच जात, म्हणून त्यावर वीस किलोचा काटा केला तर दहा ग्रॅमच्या खाली जाता येत नसे. भाजीच्या किंवा रद्दीच्या दुकानास तेवढे पुरे होते. गुळाच्या पेठेस आणि सोन्याच्या पेढीस नव्हते. त्यापुढचा आयसीएल ७१३५ वीस हजार भाग करू शके, पण तो आकडे स्वतः उजळवीत नसे. त्याला सोबत म्हणून इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१ घराण्यातील मायक्रोकंट्रोलर आणि आज्ञावली साठविणारी एप्रॉम जोडली जाई. काट्यात हिशेब करणारी बुद्धी आली ती या वाटेने. आता तो रिकाम्या भांड्याचे वजन वजा करू लागला, नगांची संख्या सांगू लागला, पावती छापू लागला. आणि त्याच्या सचोटीचा प्रश्न पूर्वीपेक्षा गहन झाला, कारण आज्ञावली लिहिणाऱ्याने काय लिहिले आहे हे ना शेतकऱ्याला दिसत होते, ना वजनमापे निरीक्षकाला.

याच काळात काट्याचे एक जुळे भावंड गावोगावच्या दूधसंस्थांत येऊन बसले. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, १९६३ साली स्थापन झाला, आणि जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाचा रोजचा रोख पैसा दुधातून येऊ लागला. दुधाचा दर मापावर आणि फॅटवर. फॅट पाहण्याची जुनी रीत गर्बरची : निमुळत्या नळीत गंधकाम्ल, दूध आणि अमाइल अल्कोहोल घालून ती यंत्रात फिरवावयाची आणि वर आलेला स्निग्धांश वाचावयाचा. पहाटेच्या अंधारात रांगेत उभ्या असलेल्या शंभर उत्पादकांच्या दुधासाठी ही रीत वेळखाऊ होती, आणि आम्लाने हात भाजत. मग इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, ज्यांत दूध पातळ करून, त्यातील स्निग्ध कण एकसारखे करून, त्यावर प्रकाश टाकतात. कण जितके अधिक तितका प्रकाश अधिक विखुरतो, आणि पलीकडे पोहोचलेल्या प्रकाशावरून फॅटचा आकडा काढतात. येथेही सूक्ष्म संकेत, सरकणारा पासंग, रूपांतर करणारा आयसी. मात्र काट्यास नसलेला एक जाच या यंत्रास होता : सभोवार पाणी, वाफ, पावसाळ्यातील चार महिन्यांची ओल, आणि ऐन संकलनाच्या वेळी जाणारी वीज. ज्या यंत्रांच्या रचनाकारांनी बॅटरीवर कमी प्रवाहात चालणारे आयसी निवडले आणि ते बसविलेल्या पाटीवर ओल न शिरेल असा लेप दिला, ती टिकली. फॅट एका बिंदूने कमी लागली की घरातील गृहिणीचा महिन्याचा हिशेब हलतो. तेव्हा या निवडीस मी केवळ तांत्रिक बाब म्हणू शकत नाही. याच जिल्ह्यात वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याची ‘वायर्ड व्हिलेज’ योजना १९९८ साली सुरू झाली, ती ऊस आणि दूध यांच्या नोंदी शेतकऱ्यास गावातच पाहावयास मिळाव्यात म्हणूनच. परंतु त्या नोंदींचे मूळ अखेर काट्याच्या आणि फॅट-यंत्राच्या आकड्यातच होते.

अन्य क्षेत्रांतही अशीच निवड चालू होती, तिचा येथे ओझरता उल्लेख पुरे. गणेशोत्सवाच्या मंडपातील आणि जीपवरील ध्वनिवर्धकांसाठी प्रथम टीबीए ८१० आणि मागाहून सान्योचा एलए ४४४० सर्वमान्य झाला. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी जे इन्व्हर्टर आले त्यांतील अनेकांच्या केंद्रस्थानी एसजी ३५२५ होता. आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी विहिरीवर जाण्याचा शेतकऱ्याचा फेरा चुकविण्याकरिता मोबाईलच्या कळांचे सूर ओळखणारा एमटी ८८७० कित्येक विद्यार्थ्यांनी आपल्या प्रोजेक्टांत वापरला. मोबाईलवरून पंप चालू करण्याची कल्पना व्यापारी उत्पादनाच्या रूपाने शेतापर्यंत नेण्याचे श्रेय पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला आहे.

महाराष्ट्रातील सर्वांत भव्य यंत्राच्या घडणीतही हाच प्रश्न उभा राहिला होता. अमेरिकेने महासंगणक देण्यास आडकाठी केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. त्याच्या पोटात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, अनेक प्रोसेसरांनी मिळून एकच काम करावे याच हेतूने रचलेले विशेष आयसी. निवड अचूक होती. सामान्य प्रोसेसर घेऊन ते यंत्र इतक्या अल्पावधीत उभे राहिले नसते. पण पुढच्या काही वर्षांत ट्रान्सप्युटरचा वंशच खुंटला, आणि १९९८ च्या ‘परम १००००’ साठी सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांकडे वळावे लागले. विशेष आयसी जितका आपल्या कामास चपखल, तितका तो बंद पडल्यावर त्याची जागा घेणारा दुसरा मिळणे कठीण. पुण्याच्या महासंगणकास हा धोका होता तसाच कोल्हापूरच्या काट्यासही होता. म्हणूनच जाणता कारखानदार दोन कंपन्या तयार करीत असलेला आयसी पसंत करी, आणि एकाच कंपनीचा घ्यावाच लागला तर पुढील दुरुस्तीसाठी काही नग बाजूस ठेवी.

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले. नव्वदीच्या दशकात लोडसेलसाठीच रचलेले आयसी आले, ज्यांत संकेत वाढविणे, गुणगुण गाळणे आणि आकड्यांत रूपांतर करणे ही तिन्ही कामे एकत्र झाली. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा एडी ७७३० त्यांतील नामांकित. पण कोल्हापुरातील विद्यार्थ्याच्या हातात आज जो असतो तो चीनमधील अ‍ॅव्हिया कंपनीचा एचएक्स ७११. सोळा पायांचा हा आयसी लहानशा पाटीवर बसविलेला, एका मिसळीच्या किमतीच्या आसपास मिळतो. त्यातील वर्धक संकेत १२८ पट करतो, आणि सेकंदाला दहा वाचने घेण्याच्या पद्धतीत तो पन्नास व साठ या दोन्ही आवर्तनांची गुणगुण गाळून टाकतो. ४० किलोहर्ट्‌झचा तो जुना हिशेब आता रचनाकारानेच केलेला असतो. १९८३ साली निघालेल्या केआयटीसारख्या येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून जे प्रोजेक्ट होतात, त्यांत वजनाचा प्रश्न आला की हाच आयसी प्रथम सुचतो, आणि प्रथम कामास तो योग्यही आहे.

तथापि त्याच्या डेटाशीटवरील ‘२४ बिट’ या शब्दांनी अनेकांची दिशाभूल होते. चोवीस बिटांचा अर्थ एक कोट सदुसष्ट लक्षांहून अधिक भाग. एवढ्या भागांपैकी बहुतेक आयसीच्या स्वतःच्या सळसळीत बुडून जातात, आणि विश्वासाने वापरण्याजोगे भाग त्याहून कित्येक पटींनी कमी उरतात. शिवाय त्यातील दुसरी पद्धत, सेकंदाला ऐंशी वाचनांची, निवडली तर आकडा चपळ होतो पण विजेच्या गुणगुणीचे गाळण जाते. पट्ट्यावरून वाहत जाणारी पोती मोजणाऱ्यास चपळाई हवी. गुळाचा रवा तोलणाऱ्यास स्थैर्य. दोन्ही कामे वजनाचीच, दोन्हीकडे आयसीही तोच, आणि तरीही एका पायाच्या जोडणीत त्यांची वाट निराळी होते. जो विद्यार्थी ही जोडणी कोणाच्या तरी आराखड्यातून उतरवून घेतो, त्याने आयसी निवडला असे मी म्हणणार नाही.

या सर्व प्रवासाचे सध्याचे टोक साखर कारखान्यांच्या भूकाट्यांवर आहे. ऊसपट्ट्यात काटामारीची, म्हणजे काट्यावर उसाचे वजन कमी दाखविल्याची, तक्रार जुनी आहे, आणि बाहेरच्या प्रमाणित काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्यांनी नाकारू नये, अशी मागणी शेतकरी संघटना वेळोवेळी करीत आल्या आहेत. जुन्या पद्धतीच्या भूकाट्यात चार-सहा लोडसेलांचे मिलिव्होल्टांतील संकेत एका जोडपेटीत एकत्र येतात आणि तेथून खोलीतील दर्शकापर्यंत तारेने जातात; या वाटेत कोठेही एखादा रोध जोडला तरी आकडा हलविता येतो, आणि वीज पडली, पाणी शिरले तरी तो हलतोच. त्यावर उपाय म्हणून आता रूपांतराचा आयसी प्रत्येक लोडसेलच्या पोटातच बसविलेला असतो. सेलमधून बाहेर पडतो तो संकेत आकड्यांचा, प्रत्येक सेलच्या ओळखक्रमांकासह, आणि मधल्या वाटेत एखादा रोध जोडून त्याचे मूल्य हळूच बदलणे शक्य राहत नाही. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली ठरावीक मुदतीने होणारी पडताळणी आणि शिक्कामोर्तब अशा काट्यांनाही चुकत नाही. ताटाच्या प्रत्येक कोपऱ्यावर प्रमाणित वजने ठेवून प्रत्येक सेलचे वाचन वेगवेगळे पाहता येते, ही त्यातील मोठी सोय. आयसीची निवड मात्र अशा काट्यात कोल्हापूरच्या कारखानदाराकडे राहिलेली नाही. ती लोडसेल करणाऱ्याने आधीच केलेली असते, आणि म्हणून येथील माणसाला आता लोडसेलचे प्रमाणपत्र त्याच काळजीने वाचावे लागते, ज्या काळजीने त्याच्या आधीच्या पिढीने ओपी-०७ च्या कोष्टकातील तापमानाची ओळ वाचली होती.